आयात केलेला संशय

२१ जानेवारी २०१९ रोजी लंडनमध्ये एक पत्रकार परिषद झाली आणि तिचा हादरा परळीपर्यंत पोचला. सय्यद शुजा नावाचा, स्वतःला सायबरतज्ज्ञ म्हणवणारा माणूस अमेरिकेतून स्काइपवर बोलत होता आणि त्याचा चेहरा झाकलेला होता. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान यंत्रांत फेरफार झाला, असे त्याचे म्हणणे. मराठवाड्याच्या वर्मी लागले ते मात्र त्याचे पुढचे वाक्य: गोपीनाथ मुंडे यांना हे गुपित ठाऊक होते, म्हणून त्यांचा खून करण्यात आला. मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत मोटार अपघातात गेले. केंद्रात मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. परळीत अंत्यसंस्काराच्या वेळीच संतप्त जमावाने चौकशीची मागणी लावून धरली होती. सीबीआयने तपास केला आणि हा अपघातच असल्याचा निष्कर्ष काढला. लंडनच्या त्या सभागृहात त्याविरुद्ध एक कागद, एक यंत्र, एक साक्षीदार पुढे आला नाही.

तरी बातमी झालीच, आणि मोठी झाली. यंत्रे बनवणाऱ्या हैदराबादच्या ईसीआयएल कंपनीने सांगितले की २००९ ते २०१४ या काळात हा माणूस आपल्या नोकरीत नव्हता, यंत्रांच्या रचनेशीही त्याचा संबंध नव्हता. निवडणूक आयोगाने दिल्ली पोलिसांकडे तक्रार केली. लंडनमधल्या विदेशी पत्रकारांच्या संघटनेने त्या कार्यक्रमापासून हात झटकले. इकडे धनंजय मुंडे यांनी काकांच्या मृत्यूची पुन्हा चौकशी व्हावी, अशी मागणी केली. घरातला माणूस गेलेल्यांनी ती करणे स्वाभाविकच होते. पण बीड, लातूर, नांदेडच्या पारांवर पुढचे काही दिवस चर्चा रंगली ती ईसीआयएलच्या खुलाशाची नव्हे. ‘काहीतरी असणारच, उगीच कोण कशाला बोलेल,’ हाच सूर होता.

जवळजवळ सहा वर्षांनी तोच माणूस परत आला. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर त्याची एक चित्रफीत फिरली. यंत्राची फ्रिक्वेन्सी वेगळी काढून महाराष्ट्रातली यंत्रे आपण हॅक करू शकतो, असा दावा तीत होता. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या तक्रारीवरून मुंबई सायबर पोलिसांनी ३० नोव्हेंबरच्या रात्री गुन्हा नोंदवला. ज्या यंत्राला बाहेरच्या कोणत्याही जाळ्याशी जोडणीच नाही, त्याची फ्रिक्वेन्सी काढायची कशी, हा साधा प्रश्न फार थोड्या बातम्यांनी विचारला. ‘हॅकरचा खळबळजनक दावा’ आणि त्याखाली ‘आयोगाने फेटाळला’ एवढ्यावर बहुतेकांचे भागले.

या दोन ओळींच्या बातमीत एक जुना तात्त्विक पेच दडलेला आहे, आणि तो आपल्याच दर्शनांनी नीट मांडून ठेवला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत प्रमाणाच्या आणि प्रमेयाच्या पाठोपाठ तिसरा येतो संशय. संशय म्हणजे अज्ञान नव्हे. संधिप्रकाशात दूर काही उभे दिसते. खांब आहे की माणूस? दोघांत सारखे असते तेवढे दिसते, वेगळे काढणारी खूण दिसत नाही, आणि मन दोन टोकांत झुलू लागते. संशयाची कारणे सांगताना गौतम एक कारण असे देतो की ते आजच्या संपादकांनी टेबलासमोर लावून ठेवावे. एकाच गोष्टीबद्दल दोघे परस्परविरुद्ध बोलले की ऐकणाऱ्याच्या मनात संशय उपजतो. शास्त्राने त्याला विप्रतिपत्ती म्हटले आहे. त्यासाठी पुरावा लागत नाही. दोन विरुद्ध विधाने शेजारी शेजारी ठेवली की काम झाले. संशय मिटायचा तर ‘विशेष’ दिसावा लागतो, म्हणजे खांब आणि माणूस यांना वेगळे करणारी नेमकी खूण.

शुजाचा दावा आणि आयोगाचा इन्कार समान मापाच्या अक्षरांत छापणारे वर्तमानपत्र आपण निःपक्ष आहोत असे मानते. न्यायशास्त्राच्या हिशेबाने ते संशयाचा कारखाना चालवत असते. दूरदेशीच्या माणसाने एकाही मतदाराला पटवले नाही तरी चालते. त्याला फक्त वाद उभा करून हवा असतो. ‘विशेष’ शोधायचे काम ज्याचे, त्याने ते केले नाही की बाकीचे आपोआप होते.

मतदाराची अडचण इथेच आहे. आपले मत आपण देतो ते आपल्याला प्रत्यक्ष ठाऊक असते, व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते तीही प्रत्यक्षच. पण आपल्या मतदारसंघातल्या लाखो मतांचे पुढे काय झाले, हे कोणताही माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकत नाही. ते कळते दुसऱ्याच्या शब्दावरून. निवडणुकीवरचा विश्वास हा शब्दप्रमाणावरचा विश्वास आहे, आणि शब्द प्रमाण ठरतो तो सांगणारा आप्त असेल तर. वात्स्यायनाने आप्ताची कसोटी साधी ठेवली: त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. पुढे त्याने एक उदार गोष्ट जोडली आहे. ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, आप्ताचे लक्षण सगळ्यांना सारखेच लागू.

म्हणजे माणूस परदेशी आहे एवढ्याने त्याचे बोलणे खोटे ठरत नाही, आणि एवढ्याने ते खरेही ठरत नाही. आपल्याकडच्या बातम्यांत या दोन्ही चुका होतात, बऱ्याचदा एकाच आठवड्यात. जून २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी मतदान यंत्रे काढून टाका असे लिहिले, तेव्हा विषय पोर्तो रिकोचा होता. त्याच दोन दिवसांत मुंबई वायव्य मतदारसंघात, जिथे रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले होते, मोबाइलवरच्या ओटीपीने यंत्र उघडल्याची बातमी एका इंग्रजी दैनिकाने छापली. यंत्राला ओटीपी लागतच नाही, असे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी सांगितले आणि दैनिकाला चूक मान्य करावी लागली. मस्क यांचे वाक्य आणि ओटीपीची कथा तोवर एकमेकींच्या गळ्यात गळा घालून मोबाइलभर हिंडत होत्या. दुरुस्ती बिचारी पायी निघाली.

खऱ्याखुऱ्या परकीय मोहिमा नसतात असे नाही. नांदेडकरांच्या अगदी जवळची एक आहे. २०२४ च्या पहिल्या तिमाहीच्या अहवालात मेटा कंपनीने चीनमधून चालणारे एक जाळे पकडल्याचे सांगितले. फेसबुकवरची ३७ खाती, १३ पाने, ५ गट आणि इन्स्टाग्रामची ९ खाती. ती चालवणारे स्वतःला शीख म्हणवत होते, खलिस्तानच्या बाजूने लिहीत होते, पंजाबातल्या पुराची आणि कॅनडातल्या हरदीपसिंग निज्जर यांच्या हत्येची चित्रे पसरवत होते. जगभरचा शीख समाज हे त्यांचे लक्ष्य होते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, त्या तख्त श्री हजूर साहिबच्या शहराला या बातमीने अस्वस्थ केले तर नवल नाही. पण अहवालातलाच दुसरा तपशील मथळ्यांत आला नाही: पाने फॉलो करणारी खाती सगळी मिळून साधारण २,७०० होती, आणि जाळे जम बसण्याआधीच उखडले गेले.

ओपनएआयनेही ३० मे २०२४ रोजी इस्रायलच्या एका कंपनीचे काम बंद पाडल्याचे जाहीर केले. ती मे महिन्यात भारताच्या निवडणुकीवर सत्ताधाऱ्यांवर टीका आणि काँग्रेसची स्तुती करणाऱ्या टिप्पण्या तयार करू लागली होती. कंपनीच्या म्हणण्यानुसार चोवीस तासांच्या आत ते थांबवले गेले आणि त्यांना फारसा प्रतिसाद मिळालाच नव्हता. आपल्याकडे मथळा झाला तो लोकशाहीला धोका असल्याचा. अमेरिकेत २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियन ट्विटर खात्यांवर संशोधन झाले. ते जानेवारी २०२३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये छापून आले. त्यात दिसले की ७० टक्के संपर्क केवळ एक टक्का वापरकर्त्यांकडे एकवटलेला होता, आणि त्या संपर्काचा लोकांच्या मतांशी किंवा मतदानाशी अर्थपूर्ण संबंध सापडला नाही. मॉस्कोतल्या ट्रोलांपेक्षा त्यांच्याबद्दलच्या वर्षानुवर्षांच्या चर्चेने अमेरिकेतला विश्वास जास्त पोखरला असेल, ही शंका तिथल्या अभ्यासकांनी बोलून दाखवली आहे. तिला निदान आधार आहे.

संशयाचे टोक रुमानियाने पाहिले. २४ नोव्हेंबर २०२४ ला झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत कॅलिन जॉर्जेस्कू अनपेक्षितपणे पुढे आले. टिकटॉकवरच्या संशयास्पद मोहिमेबद्दलची गुप्तचर कागदपत्रे उघड झाली आणि ६ डिसेंबरला घटनात्मक न्यायालयाने निवडणूकच रद्द केली. पुढे तिथल्या पत्रकारांनी खणून काढले की त्यातल्या एका मोहिमेचा खर्च सत्ताधारी आघाडीतल्याच एका पक्षाकडून झाला होता. परकीय हात शोधता शोधता घरातलाच हात सापडला.

लातूरला असल्या प्रश्नाची स्वतःची ओळख आहे, निवडणुकीतून नव्हे, परीक्षेतून. २०२४ च्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या पेपरफुटी प्रकरणात लातुरात गुन्हा दाखल झाला, जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांना अटक झाली. ज्या शहराची ओळखच ‘लातूर पॅटर्न’ आहे, जिथे खोल्या भाड्याने घेऊन हजारो मुले दोन-दोन वर्षे राहतात, तिथे हा संशय कोणी परदेशातून पाठवलेला नव्हता. त्याला हजारीबाग आणि पाटणा अशी ठिकाणे होती, तारखा होत्या, आरोपी होते. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ ला पेपर फुटल्याचे मान्य केले, आणि संपूर्ण परीक्षा रद्द करण्याइतका तो फुटला असल्याचा पुरावा नाही, असेही सांगितले. कितीतरी पालकांना हा निकाल पटला नाही. पण त्यातली विचाराची शिस्त घेण्यासारखी आहे: दोष आहे का, कुठे आहे, आणि किती दूर पसरला आहे, हे तीन वेगळे प्रश्न. परकीय अपप्रचाराच्या बातमीत हे तिन्ही बहुधा एकाच मथळ्यात कोंबले जातात.

आता नांदेडची गोष्ट, कारण यंत्रांवरच्या वादात हा मतदारसंघ दोन्ही बाजूंनी साक्षीला काढला जातो. २६ एप्रिल २०२४. सर्वोच्च न्यायालयात न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी त्या दिवशी फेटाळली. आंधळा अविश्वास निरर्थक संशयाला जन्म देतो, अशा अर्थाचे न्या. दत्ता यांनी स्वतंत्र निकालपत्रात लिहिले. नेमक्या त्याच दिवशी नांदेडमध्ये मतदान चालू होते, आणि बिलोली तालुक्यातल्या रामपुरीत एका मतदाराने कुऱ्हाडीने यंत्र फोडले. त्याची गाऱ्हाणी रोजगाराची आणि शेतकरी-कामगारांच्या हालाची होती, हॅकिंगची नव्हती. मतांची नोंद सुरक्षित राहिली.

त्या निवडणुकीत काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९,४४२ मतांनी निवडून आले. ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. २० नोव्हेंबरला विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक झाली. एकाच मतदाराने एकाच केंद्रावर दोन वेगळ्या यंत्रांवर दोन मते दिली. निकाल असा: भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड या सहाही विधानसभा जागा महायुतीकडे, आणि त्याच सहा मतदारसंघांच्या मिळून बनलेल्या लोकसभेत काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी विजयी.

एका बाजूने म्हटले, यंत्रे हातात असती तर एवढ्याशा मतांनी लोकसभा कोण सोडील? दुसऱ्या बाजूने म्हटले, तोच मतदार अर्ध्या मिनिटात दोन पक्षांना मत देतो का? नांदेडचे राजकारण जवळून पाहणाऱ्याला दुसऱ्या प्रश्नाचे फारसे आश्चर्य वाटत नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर उभा राहिलेला मुलगा, विधानसभेला वेगवेगळ्या पक्षांचे स्थानिक उमेदवार, अशोक चव्हाणांच्या पक्षांतरानंतर विस्कटलेल्या निष्ठा. मते विभागायला पुरेशी कारणे होती. पण खरा अडसर तिसऱ्या उत्तराचा आहे. ‘लोकसभा मुद्दाम सोडली, संशय येऊ नये म्हणून.’ हे ऐकले की बोलणे संपते. हरलो तर यंत्र, जिंकलो तर यंत्राची चाल. जे विधान कोणत्याही निकालाने खोटे ठरू शकत नाही, ते न्यायशास्त्राने वादाच्या पंक्तीतून वेगळ्या बसवलेल्या वितंडेच्या जवळ जाते. वितंडा करणारा स्वतःचा पक्ष मांडतच नाही. समोरच्याचा पाडणे एवढेच त्याचे काम. शुजाच्या फितीत आणि या तिसऱ्या उत्तरात म्हणूनच एवढे साम्य आहे.

संशयाला कुठे थांबवायचे, याचे उत्तर मीमांसकांनी दिले. कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान हे मुळात प्रमाणच धरायचे, त्याला बाध आणणारे काही पुढे येईपर्यंत. शंका आली तर तपासा, बाध सापडला तर सोडून द्या. पण तपासाला तपास, त्यालाही पुन्हा तपास, असे अंतहीन जाऊ नका, तीन-चार पायऱ्यांपलीकडे गरज पडत नाही, असे ते म्हणतात. नैयायिकांना हे पुरेसे वाटले नाही, त्यांना प्रामाण्य बाहेरून सिद्ध झालेले हवे होते. निवडणुकीच्या बाबतीत नैयायिकांची बाजू या लेखाला जास्त पटते. देवावर श्रद्धा ठेवता येते, निवडणुकीवर ठेवायची नसते, ती तपासून घ्यायची असते. कुमारिलांचे ऐकायचे ते फक्त तपास संपल्यानंतर.

आणि तपासाची दारे कोण बंद करते आहे, हेही बोलले पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीत डिसेंबर २०२४ मध्ये गावकऱ्यांनी मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचे ठरवले. माळशिरसमध्ये ज्यांचा उमेदवार जिंकला होता तीच माणसे आपल्या गावातला आकडा मानायला तयार नव्हती. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि गुन्हे दाखल केले. असे मतदान कायद्यात बसत नाही, हे खरे. पण त्या लोकांना हवा होता तो ‘विशेष’, आणि त्यांना मिळाला पोलीस बंदोबस्त. त्याच डिसेंबरच्या २० तारखेला केंद्राने निवडणूक नियम बदलून केंद्रांवरच्या चित्रीकरणासारख्या नोंदी सामान्य माणसाला पाहायला मिळण्याची वाट अरुंद केली. लोकनीती-सीएसडीएसच्या पाहण्यांत आयोगावर खूप विश्वास असणाऱ्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ५१ टक्के होते, २०२४ मध्ये २८ टक्के. ही घसरण बीजिंगने किंवा तेल अवीवने घडवली, असे मानायला आधार नाही.

उलट, परकीय हाताची हाकाटी कधी कधी घरच्या प्रश्नांवर पांघरूण घालायला उपयोगी पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारने भारतातल्या मतदानवाढीसाठीचे २ कोटी १० लाख डॉलर रद्द केल्याचे सांगितले. आपल्याकडे लगेच सत्ताधाऱ्यांनी आणि विरोधकांनी एकमेकांवर परकीय पैशाचे आरोप केले. इंडियन एक्स्प्रेसने कागद तपासले तर ती रक्कम बांगलादेशासाठी होती. शोध अवघ्या चार-पाच दिवसांचा होता. आरोप करण्याआधी तो कोणालाच करावासा वाटला नाही.

असा शोध घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. माहूर नांदेड जिल्ह्यात आहे, आणि माहूरला महानुभावांची मोठी जा-ये. त्या पंथाने तेराव्या शतकातच एक पद्धत घालून दिली. चक्रधरांच्या लीळा गोळा करताना म्हाइंभट ज्यांनी प्रसंग पाहिला त्यांच्यापर्यंत चालत गेला, आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्यावरच त्याने त्या नोंदल्या. ऐकणाऱ्याला कळे की हे कोणी पाहिले, कोणी सांगितले, कोणी पडताळले. मराठीतल्या पहिल्या गद्य चरित्रकाराला जे जमले ते मोटार, फोन आणि वकील हाताशी असलेल्या वार्ताहराला जमू नये, असे काही नाही. परकीय अपप्रचाराची बातमी देताना दावा कोणी केला, किती लोकांपर्यंत पोचला, मतांवर काही परिणाम झाल्याचे दिसले का, आणि पुरावा काय, हे एकाच परिच्छेदात यावे. पुरावा नसेल तर मथळ्यात तसे लिहावे. ‘फेटाळला’ हा शब्द पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

वाचकानेही एक करून पाहावे. मतदान संपताना प्रत्येक उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला फॉर्म १७-सी ची प्रत मिळते. त्यावर त्या केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली ते असते. केंद्रनिहाय निकालाचा फॉर्म २० मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतो. आपल्या गावच्या प्रतिनिधीकडून पहिला कागद मागून घ्यावा, दुसरा काढावा, आणि दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जुळले नाहीत तर तो संशय कोणत्याही लंडनच्या पत्रकार परिषदेपेक्षा मोलाचा आहे. तो तहसील कार्यालयात, पक्षाच्या कार्यालयात आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत नावानिशी नेऊन द्यावा.